बाजूला ठेवलेलं पोतं

सीतारामभाऊ जेवताना कॉम्प्युटरवर टॉवेल टाकतात. "घास मोजून राहिला बे तो," म्हणतात. वीज गेली तर तारेवरच्या खारीला दरडावतील, "कोनं पाठवलं तुले?" मी समोरच राहतो, म्हणजे माझ्यावर तर कायमचा पहारा!

तिरोड्याकडच्या आमच्या गावात त्यांची धान कुटायची गिरणी. साठीनंतर पठ्ठ्या प्रोग्राम लिहायला शिकला. प्रोग्रामनं पोत्याच्या मालकाचा मोबाईल नंबर बघायचा, गिरणी चालवायची, कुटून झालं की मालकाला फोन लावायचा, मग पुढचं पोतं. दिवसभर हेच चक्र. एकदा एका पोत्याला नंबरच नव्हता. रिकामा रकाना दिसताच प्रोग्राम जागीच गार, गिरणीही गप्प! रांग, खोटं सांगत नाही, बोदलकशाच्या तलावात उतरली. शेवटचे दोघे पोहत उभे होते.

भाऊंनी तीन दिवस दार लावून प्रोग्रामला समजावलं : चूक आली तर लिहून ठेव, पोतं बाजूला कर, पण थांबू नको. तेव्हापासून भोंगा ओरडतो, "बाजूला! पुढचा!" आता गिरणीवर वीज कोसळली तरी प्रोग्राम तिची नोंद करून पुढचं पोतं मागेल.

मला वेगळाच वास आला. बाजूला पडणारं पोतं दर वेळी जंगलाकडच्या टोलीतल्या, म्हणजे चार घरांच्या वस्तीतल्या, सखूकाकीचं. भाऊ ते संध्याकाळी स्वतः कुटायचे आणि सायकलवर टाकून, सात वेळा मागे वळून बघत निघायचे. विचारलं तर, "तुले कायले पायजे?" एकट्या म्हातारीचं खाणं ते कितीसं, आणि हा गडी ते परस्पर विकतो, अशी माझी खात्रीच झाली.

एका संध्याकाळी मागोमाग गेलो. टोलीत मोहाच्या झाडाआड लपलो. पोट दोन्ही बाजूंनी बाहेर.

भाऊंनी तांदूळ काकीच्याच घरात उतरवला. मूठभर तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "पाह्य, तुटकी कनी नाही." मग ओसरीवर बसले. बायको गेल्यापासून हा माणूस कोणाकडे पाणीसुद्धा पीत नाही, कोण काय घालेल म्हणून. इथं काळा चहा न हुंगता प्यायला.

काकी म्हणाली, "सीताराम, नातवानं मोबाईल धाडला रे. नंबर लिहून घे, तुही खेप वाचन."

भाऊंचा कप ओठाशीच थांबला.

"राहू दे, काकी. नंबर भेटला तं मशीन तुले फोन करन. कोनी बी पोतं आनून देईन. मंग मी कोनाच्या घरी जाऊ?"

काकीनं मोबाईल तांदळात खोल खुपसला.

"कोनता मोबाईल?" ती म्हणाली. "चहा घे अजून."