वाचनालयातली वामकुक्षी

अनुदान द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस गुरुवारी दुपारी दोन वाजता येतोय, असं दॉन सेगुंदोने सांगितलं आणि दोन्या एल्पिदियाच्या हातातलं धूळ झटकायचं फडकं खाली पडलं.

“दुपारी दोनला?” ती म्हणाली. “त्या वेळी आपल्या गावात कुत्रंसुद्धा कूस बदलत नाही.”

“मला काय सांगता? मी काय परगावचा आहे?”

“मग त्यांना संध्याकाळी बोलवा की.”

“कसं बोलवू? अर्जात मीच लिहिलंय, वाचनालय दुपारी एक ते चार उघडं असतं आणि त्या वेळात वाचकांची रीघ लागते.”

“रीघ?”

“अनुदान मागताना रीघच लिहावी लागते, दोन्या एल्पी. ‘आमच्याकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा मदत द्या’ असं लिहिलं तर कोण देईल?”

दॉन सेगुंदो हा आमच्या पोसो मिस्तोल गावचा पाववाला आणि वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष. समितीत आणखी बरेच जण होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. एल्पिदिया बिनपगारी ग्रंथपाल. दॉन आणि दोन्या म्हणजे आमच्याकडचे राव आणि बाई. वाचनालय भर दुपारी उघडं ठेवायची कल्पना तिचीच. वाचकांच्या सोयीसाठी म्हणून तिने ती मांडली आणि त्या वेळात स्वतः गाढ झोपणाऱ्या सेगुंदोने ती बिनबोभाट मंजूर केली. खरी गोष्ट अशी होती, की नवरा रुफिनो गेल्यापासून दुपारी तिला घर खायला उठायचं. बाराचा सुमार झाला की आमच्याकडे दारंखिडक्या लागतात, रस्त्यावर फुफाटा आणि ऊन एवढंच उरतं आणि घराघरातून घोरणं ऐकू येतं. एल्पिदियाच्या घरातून तेवढंही नाही. म्हणून ती किल्ली घेऊन निघायची.

वाचनालयात अर्थात चिटपाखरूही नसायचं. ती पुस्तकं पुसायची, खालच्या फळीवरची वरच्या फळीवर आणि वरची खाली लावायची. कधी कधी रिकाम्या बाकांकडे बघून “शांतता राखा” असं जरबेने म्हणूनही बघायची. कोणाचा तरी आवाज कानावर पडल्यासारखं वाटायचं.

पण आता प्रश्न त्या किल्लीचाच होता. छपराला भोकं पडली होती, विजेचं बिल थकलं होतं आणि अनुदान मिळालं नाही तर महिनाअखेरीस ग्रामसमिती ती खोली खताची पोती ठेवायला घेणार होती. मग दुपारी जायचं कुठे, हे एल्पिदियाला कळत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ती घरोघर फिरली. “उद्या दुपारी या, नुसतं पुस्तक घेऊन बसायचंय,” असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी हो म्हटलं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, म्हणून लोक हो म्हणतात आणि येत नाहीत. सेगुंदोला हे पक्कं माहीत होतं.

“जेवण ठेवावं लागणार,” तो म्हणाला. “जेवण नसेल तर हे लोक स्वतःच्या लग्नालासुद्धा जायचे नाहीत.”

“भर दुपारी जेवल्यावर ते वाचतील कसे?”

“वाचायचंय कोणाला? पुस्तक उघडं ठेवायचं आणि मान खाली घालायची. मान खाली घालून बसायला आपल्या गावाला शिकवावं लागत नाही.”

गुरुवारी वाचनालयाच्या अंगणात निखाऱ्यांवर कोकरांच्या जोडीला करडंही भाजली गेली. सेगुंदोच्या बायकोने, निल्दाने, टोपलंभर एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, तळल्या. तांबडी वाईन होती आणि तिच्यात घालायला सोडा होता, पण सोड्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. गाव आलं, सहकुटुंब आलं, बोटं चाटून जेवलं. टायरवाला चिचो लेदेस्मा तर हाडं चघळत म्हणाला, “वाचनाची गोडी अशीच लागते बघ.”

मग सगळे आत गेले. बाहेर डोकं फुटेल असं ऊन आणि आत जाड मातीच्या भिंती. एल्पिदियाने पाहुण्याला गार वाटावं म्हणून खिडक्यांची दारं ओढून घेतली होती, जमिनीवर पाणी शिंपडलं होतं आणि पंखा लावला होता. प्रत्येकाच्या पुढ्यात तिने एकेक पुस्तक ठेवलं. दारापाशी खुर्ची टाकून सेगुंदो स्वागताचं भाषण पाठ करत बसला. अंधार, गारवा, पोटात कोकरू, डोक्यात वाईन आणि वरून बोलायला बंदी. एल्पिदियाने शेवटच्या बाकावर पुस्तक ठेवून मागे वळून पाहिलं, तेव्हा पहिला बाक झोपला होता. पाठोपाठ दुसरा झोपला. भाषणातल्या ‘सन्माननीय’ या शब्दापाशी सेगुंदोची हनुवटी छातीवर टेकली.

तेवढ्यात फाटकाबाहेर टाळ्या वाजल्या. आमच्याकडे परक्या दारात असंच उभं राहून टाळ्या वाजवतात. एल्पिदियाने सेगुंदोला हलवलं, चिमटा काढला, शेवटी त्याच्या पायांवरून ओलांडून तीच बाहेर गेली.

पाहुण्याचं नाव पेरेत्ती. शिकलेला म्हणून त्याला सगळीकडे लिसेन्सियादो म्हणत. पन्नाशी उलटलेली, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, पहाटेपासून गाडी चालवून डोळे तांबारलेले. दारात पाऊल टाकताच तो थबकला. अर्ध्या उजेडात बाकामागून बाक भरलेले आणि एकूण एक मान पुस्तकावर झुकलेली.

“काय तल्लीनता आहे,” तो कुजबुजला.

“आम्ही त्या बाबतीत कडक आहोत,” एल्पिदियाही कुजबुजली.

पेरेत्ती चवड्यांवर चालत बाकांमधून फिरला. थोड्या वेळाने तो परत आला. “दोन्या, मी मघापासून बघतोय. कोणीच पान उलटत नाही.”

“फार बारकाईने वाचतात.”

“सगळेच?”

“गावाला सवयच आहे. एका पानातून जेवढं निघेल तेवढं काढून मगच पुढे जायचं.”

तेवढ्यात चिचोने एक दणदणीत घोरणं सोडलं. पेरेत्तीने वळून पाहिलं.

“ते चिचो,” एल्पिदिया घाईने म्हणाली. “ते मोठ्याने वाचतात.”

पलीकडच्या बाकावरून निल्दाची बारीक शिट्टी आली. मग चिचोचं उत्तर, मग कोपऱ्यातून आणखी एक जाडसा सूर.

“आणि हे?”

“चर्चा,” एल्पिदिया म्हणाली. तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता.

पेरेत्ती हसला नाही. तो मोठ्या नकाशांच्या पुस्तकापाशी रिकाम्या जागेवर बसला आणि म्हणाला, “तुम्ही एकट्याच सांभाळता का हे सगळं?”

“एकटी कसली? एवढी माणसं आहेत की.”

“हो. ते बाकी खरं,” असं म्हणून तो बाकांकडे बघत राहिला. एल्पिदिया त्याच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेली. पेला घेऊन आली तर लिसेन्सियादोचा गाल नकाशावर टेकलेला आणि तोंड किंचित उघडं.

आता सगळं तिच्या हातात होतं. एक टाळी वाजवली असती तर गाव दचकून उठलं असतं, पुस्तकं सरळ झाली असती आणि पाहुणा ओशाळून ‘मला जरा डुलकी लागली’ म्हणत जागा झाला असता. अनुदान खिशात पडल्यातच जमा होतं. तिने पेला खाली ठेवला, दोन्ही हात उचलले आणि ती तशीच उभी राहिली.

खोली श्वास घेत होती. कोणी घोरत होतं, कोणी झोपेत पुटपुटत होतं, कोणाचं पोट गुरगुरत होतं. रुफिनो गेल्यानंतर भर दुपारी तिच्या आसपास माणसांचा आवाज पहिल्यांदाच होता. तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. ही माणसं उठली की जाणार, हे तिला दिसत होतं. तिने हात खाली घेतले आणि हलक्या पावलांनी जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

ऊन कललं तेव्हा गाव आपोआप जागं झालं. पेरेत्तीही उठला. घामाने नकाशाची शाई विरघळून त्याच्या गालावर अख्खा बोलिव्हिया उमटला होता आणि ते त्याला सांगायची कोणाची हिंमत होत नव्हती. सेगुंदोने ताडकन उभं राहून “सन्माननीय” एवढं म्हटलं, पण पुढचं आठवेना.

एल्पिदिया पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला गेली.

“दोन्या, लोक झोपले होते असं मी कळवणार नाही,” तो म्हणाला. “मीही त्यातच होतो. पण वाचताना पाहिलं, असंही मला कळवता येणार नाही. मला खोटं लिहिता येत नाही.”

“आम्हाला येतं,” एल्पिदिया म्हणाली. “त्याने तरी काय झालं?”

अनुदान गेलं. सेगुंदोचा पारा चढला. “सगळं गाव झोपलं, मी झोपलो, तो झोपला. तुम्ही एकट्या जाग्या होतात. एक टाळी वाजवता आली नाही?”

“जिवावर आलं.”

“टाळी वाजवणं कोणाच्या जिवावर येतं?”

“माझ्याकडे इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती, दॉन सेगुंदो. उठवलं असतं तर गेली असती.”

सेगुंदोने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, पुन्हा घातली. महिनाअखेरीस किल्ली द्यावी लागेल, एवढंच पुटपुटून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एल्पिदियाने नेहमीसारखं दार उघडलं. फार दिवस उरले नव्हते, म्हणून तिने पुसलेली पुस्तकं पुन्हा पुसायला घेतली. एवढ्यात चिचो दारात आला. काखेत उशी.

“दोन्या एल्पी, चालेल का?” तो जरा लाजत म्हणाला. “काल लागली तशी झोप लग्नाआधी लागायची. घरी वर पत्रा तापतो आणि खाली बायको.”

“हे वाचनालय आहे, चिचो.”

“मग द्या एक पुस्तक. तोंडावर घेतो. माश्या बसत नाहीत.”

तिने दिलं. पुढच्या दिवशी त्याची बायकोही त्याच कारणासाठी आली, फक्त तिच्या तक्रारीत खाली नवरा होता. मग निल्दा आली, मग सगळं गाव. एल्पिदियाने नियम केला, सभासद झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही आणि पुस्तक घेतल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत. वर्गणीतून विजेचं बिल भागलं. चिचोच्या नाकावर वरून एक थेंब पडला तसं त्याने संध्याकाळी शिडी लावून छपराची भोकं बुजवली. निल्दाला तर झोप यायला चार पानं लागायची, त्यामुळे ती नकळत गोष्टीच्या मध्यापर्यंत पोचली आणि “त्या पोरीचं पुढे काय होतं?” म्हणून नवऱ्याचं डोकं खाऊ लागली. खताची पोती घेऊन ट्रक आला, तेव्हा सगळ्या बाकांवरून एकदम “शूऽऽ” झालं. ड्रायव्हर चवड्यांवर माघारी गेला. किल्लीचा विषय सेगुंदोने पुन्हा काढला नाही, कारण पंख्याखालची जागा त्याचीच होती.

मार्चमध्ये एका दुपारी फाटकाबाहेर टाळ्या वाजल्या. एल्पिदियाने पाहिलं तर पेरेत्ती. काखेत उशी.

“पुन्हा तपासणी?” तिने विचारलं.

“नाही, नाही. रजा काढलीय.” तो उशीशी चाळा करत उभा राहिला. “शहरात माझं घर गार आहे, शांत आहे. फारच शांत आहे. झोपच लागत नाही, दोन्या. त्या दिवशी इथे लागली, ती शेवटची.”

“तेवढ्यासाठी एवढ्या लांब गाडी हाणत आलात?”

“कोणीतरी जागं आहे असं वाटलं की लागते. तुम्ही जाग्या असता ना?”

“म्हणजे काय? ग्रंथपालाने झोपून कसं चालेल?” ती म्हणाली. “पण सभासद व्हावं लागेल. अनुदान नाकारणाऱ्यांना दुप्पट वर्गणी.”

त्याने मुकाट्याने वर्गणी भरली, तिने दिलेलं हलकंसं पुस्तक घेतलं आणि खिडकीजवळच्या बाकावर आडवा झाला. एल्पिदिया खुर्चीत बसून ऐकत राहिली. हा चिचो, ही निल्दा, हा सेगुंदो. आता एक नवा श्वास ओळखीचा करायचा होता. तो कुठला, हे शोधता शोधता तिचे स्वतःचेच डोळे कधी मिटले ते तिला कळलं नाही.

थोड्याच वेळात असा आवाज सुरू झाला, की कपाटांच्या काचा थरथरल्या. चिचो धडपडत उठून बसला. आवाज ग्रंथपालाच्या खुर्चीतून येत होता. तो डोळे चोळत तिच्यापाशी गेला आणि तिला हलवायला त्याने हात पुढे केला.

“राहू दे,” खिडकीजवळून पेरेत्ती हळूच म्हणाला. तो उशी मांडीवर घेऊन उठून बसला होता. “मी आहे जागा.”