बाळोत्यांची परीक्षा

सदूभाऊंना नमस्कार केला की ते आधी तुमच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरीत, अंगठ्याने चोळीत आणि म्हणत, "खळ हाय नुस्ती. दोन धुन्यांत जाळी हुईल." नमस्काराचे उत्तर म्हणून एवढेच. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या गावाने मिळून मला कोट शिवून दिला होता. तो घालून मी नगरला मास्तर म्हणून रुजू झालो, आणि पहिल्याच दिवशी या शेजाऱ्याने त्याही कोटाला खळ ठरवले. गावाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. सदूभाऊंना त्या दिवशी मनात काय म्हटले, तेही विसरलेलो नाही.

कापडबाजारातल्या एका दुकानात गादीवर बसून कापडाचे तागे उलगडण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. तेवढ्यावर त्यांना वाटे की जगातले सारे ज्ञान आडव्या-उभ्या धाग्यांतच आहे. माणूस कसा आहे विचारले तर म्हणत, "पोत बरा हाय, पन रंग जानार." एकदा आमच्या हेडमास्तरांविषयी असेच म्हणाले, आणि हेडमास्तर मागेच उभे होते.

लढाईचे दिवस होते, कापडावर कंट्रोल होता. अशात मला मुलगी झाली. पत्नीच्या माहेरी करणारे कोणी नसल्याने बाळंतपण आमच्याच घरी झाले आणि आई गावाहून आली. येताना तिने एका जुन्या धोतराची बाळोती आणली होती. ती पंधरा दिवसांत धुऊन धुऊन विरली. आईची आणि पत्नीची लुगडी दोन-दोनच, सगळी रोजच्या वापरातली.

मी शिकलेला माणूस. बालसंगोपनावरचे एक पुस्तक वाचले आणि लष्करी कॅम्पातल्या ओळखीच्या गृहस्थाकडून फलालीन मिळवले. चार दिवसांत मुलीच्या मांड्या लालभडक झाल्या, मग सोलल्या. कापड बदलायला घेतले की ती असा हंबरडा फोडी की पत्नीही रडू लागे.

तो आवाज ऐकून सदूभाऊ आमच्या खिडकीशी आले. काय बांधलेय म्हणून विचारले. मी अभिमानाने फलालीन म्हणालो.

"चैतात फलालीन? मास्तर, तुमी स्वतः घोंगडी भिजवून नेसून बसा की जरा."

मग मलमल का नको, मांजरपाट का नको, यावर अर्धा तास व्याख्यान झाले. आणि दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ बाजारात निघाले ते दोन्ही हातांना चार चिंध्या बांधून. दंडावर मलमल आणि मांजरपाट, मनगटांवर फलालीन आणि जुने लुगडे. सगळ्या, लघवीच्या जागी, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या. वाळल्या की पुन्हा भिजवत. लोक विचारीत, भाजले काय, कुत्रे चावले काय. हे उत्तर देत, "मास्तरांच्या लेकीची परीक्षा चाललीया." शाळेत मला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

तिसऱ्या दिवशी हात पुढे करून त्यांनी निकाल सांगितला. मलमलीतून पाणी लगेच बाहेर, मांजरपाटाने ओरखडे, फलालिनाखाली घामोळे. जुन्या लुगड्याखालची कातडी तेवढी जशीच्या तशी. "शंभर धुन्यांचं लुगडं पायजे. अन् जिथली पोरं जगल्यात, अशा भरल्या घरचं मागून आना."

मी आणि आईने चार आळ्या पालथ्या घातल्या. कंट्रोलात चिंधी कोण देणार? लोकांनी दारातूनच हात जोडले. सदूभाऊ मात्र रोज खिडकीशी येऊन विचारीत, मिळालं का. एका सकाळी माझा संयम सुटला आणि मी तरातरा त्यांच्या खोलीवर गेलो.

ट्रंक उघडी होती. खाटेवर ऊन द्यायला सहा लुगडी पसरली होती, मऊ, रंग उडालेली.

"घरात एवढी लुगडी ठेवून तुम्ही आम्हाला दारोदार भीक मागायला लावता?"

ते लुगड्याच्या घड्या घालीत राहिले. मग म्हणाले, "ही आमच्या मंडळींची. तिची तीन लेकरं ह्याच कापडात गेली, मास्तर. पाठोपाठ ती बी गेली. ह्या घरचं तुमच्या बाळाला कसं देऊ?"

असल्या समजुतींविरुद्ध मी वर्गात तास घेत असे. मी तत्काळ 'द्या' म्हणायला हवे होते. पण मुलगी डोळ्यांपुढे आली आणि मी एक पाऊल मागे सरलो. सदूभाऊंनी ते पाहिले.

माझ्यामागोमाग आई आली होती. तिला अक्षर वाचता येत नाही. तिने पुढे होऊन एक लुगडे उचलले आणि गालाला लावले.

"द्या भाऊ," ती म्हणाली. "तीन येळा त्या माउलीनं मायेनंच बांधलं आसंल. कापडाला काय दोस? माझी नात सोलून निघालीया."

दोन लुगडी उकळून, काठ उसवून आईने बाळोती केली. चार-पाच दिवसांत मांड्यांवर नवी कातडी धरली. मुलगी दुपारची निवांत झोपू लागली.

मग आईनेच सदूभाऊंना हाक मारून घरात बोलावले, सतरंजीवर बसवले आणि नात त्यांच्या मांडीवर दिली. ते ताठ बसले, काचेचे भांडे धरल्यासारखे. थोड्याच वेळात मुलीने आपले काम केले. बाळोते भिजले, त्यांचे धोतरही भिजले. मी ओशाळून तिला घ्यायला वाकलो.

त्यांनी तिच्यावर हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "ऊब हाय."