पवित्र मलमाच्या त्रेसष्ट डब्या

माझ्या बायकोची जागा तुम्ही घालवायला निघालात. तुमचं नाव मी घेत नाही, कारण नाव घेतलं की लगेच सांगता, हा विषय आमच्या विभागाचा नाही. पण तुमच्या कचेरीतली दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी, जिच्याशेजारी कुंडीतलं रोप तीन वर्षांपासून मेलेलं आहे, ती तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्या खिडकीतून एक कागद वेळेवर बाहेर पडला असता, तर आमच्या गावातली भट्टी उडाली नसती आणि अग्निशमन दलाच्या कप्तानाला अर्ध्या मिशीनं हिंडावं लागलं नसतं. मी सगळं खरं लिहिणार आहे. वाचणाऱ्यांनी ठरवावं, चूक कुणाची.

आमच्या ओल्शिन्का गावात चर्चसमोर लिंडनचं झाड आहे. त्याच्याखाली उजव्या अंगाला माझी बायको अपोलोनिया, म्हणजे आमची पोला, एकोणीस वर्षं टेबल मांडते. मध, विणलेले मोजे, सुकवलेली फुलं आणि तिचं मलम. तिच्या आधी तिथे तिची आई बसायची. यंदा तुम्ही नियम काढलात, परवाना नसेल तर जागा नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सुगीची जत्रा. तोवर कागद नसला तर जागा दुसऱ्याला. तो दुसरा कोण, तेही गावाला कळलंय. शहरातून येतो आणि फुगे विकतो.

मलम योहानाच्या फुलाचं असतं. जूनच्या शेवटी, संत योहानाच्या सणाला, बांधावर पिवळं फुलतं ते. कळी चिरडली तर बोटं लाल होतात. पोला ती फुलं तेलात घालून खिडकीत ठेवते, सहा आठवड्यांत तेल रक्तासारखं लाल होतं, मग त्यात डुकराची चरबी आणि मेण. भाजलं, कापलं, कंबर धरली, दूध काढून हात फुटले, की गाव आमच्या दारात. त्याच फुलाचा काढा माणूस खचला की देतात. पोला मात्र आधी विचारते, डॉक्टरच्या दुसऱ्या गोळ्या चालू आहेत का? असल्या तर देत नाही. एवढी अक्कल तिला आहे. तुम्ही ती कागदावर मागितलीत, तिथून घोटाळा सुरू झाला.

मार्चमध्ये अर्ज द्यायचा होता. पोला म्हणाली, "मी जाते."

मी म्हटलं, "तू राहू दे. कचेरीतल्या माणसांशी कसं बोलायचं, ते मला कळतं."

हे वाक्य तिनं मला आजपर्यंत निदान चाळीस वेळा ऐकवलंय.

तुमच्या अर्जावर दोन चौकोन होते. औषध, सौंदर्यप्रसाधन. एकाच चौकोनात खूण करा. मी खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "बाई, हे दोन्ही आहे."

"दोन्ही नसतं."

"भाजल्यावर लावतात. आणि माझी मेहुणी हिवाळ्यात गालांना चोळते, सुरकुत्या जाव्यात म्हणून."

"जातात?"

"तिच्या नाही गेल्या. पण आरशावर चिडायची थांबली."

"मग औषध लिहा."

"त्याला काय लागतं?"

"कारखाना, प्रयोगशाळा, तीन तज्ज्ञ."

"आणि प्रसाधन लिहिलं तर?"

"तर भाजल्यावर लावतात असं म्हणायचं नाही. तोंडीसुद्धा नाही."

"पण भाजलेला माणूस दारात आला तर?"

"त्याला सुंदर करा," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

मी दोन्ही चौकोनांत खूण केली. खोटं कशाला लिहू? अर्ज परत आला. पुन्हा दोन्हींत केली. पुन्हा परत. तिसऱ्यांदा खुणा जरा ठळक केल्या, न जाणो, दिसत नसतील. तेव्हापासून तुमच्याकडून चकार शब्द नाही. मी समजलो, पटलं असेल.

आता पंधरा ऑगस्ट. मरियामातेचा सण. पाच गावांची माणसं हातात फुलांच्या, वनस्पतींच्या जुड्या घेऊन आमच्या चर्चमध्ये येतात, फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. पोला दरवर्षी वीस डब्या करते. मी म्हटलं, यंदा त्रेसष्ट. हिवाळ्यासाठी ठेवलेली सगळी चरबी मी वितळवली.

"सेवेरिन, कागद आला?" पोलानं विचारलं.

"वाटेत आहे."

"कुणाच्या?"

मी चरबी ढवळत राहिलो.

सणाच्या सकाळी टेबल मांडतोय तोच क्लिमचुक बाई आल्या. तुमच्याच, पण खिडकीतल्या नव्हेत, परवाने तपासणाऱ्या. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, पायात शहरातले पांढरेशुभ्र बूट. त्यांनी सॉसेजवाल्यापासून सुरुवात केली. तो बोलका माणूस, त्यामुळे मला चार मिनिटं मिळाली. पोला तेव्हा चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होती.

झाडाजवळ गावातल्या बायकांची हातगाडी उभी होती. राईची कणसं, खसखशीची बोंडं, सफरचंदं, पुदिना आणि काठोकाठ योहानाचं फूल. ही गाडी दरवर्षी आशीर्वादाला चर्चमध्ये जाते. डब्या मी तिच्यात तळाशी घातल्या आणि वर हिरवं ओढलं. विचार असा, की बाई पुढे सरकल्या की काढून घेऊ. शेवटची डबी आत गेली न गेली तोच अग्निशमन दलाचा कप्तान लुत्स्यान चार माणसं घेऊन आला. पितळी शिरस्त्राण, चकचकीत बटणं, आणि ती मिशी. तेव्हा अख्खी होती.

गाडी ढकलताना तो थबकला. "काय रे सेवेरिन, यंदा एवढी जड?"

"पीक चांगलं आलंय."

"पीक खणखणतंय बरं का."

"सफरचंदं कच्ची आहेत."

तो हसला आणि गाडी आत गेली. पाठोपाठ मी.

फादर येरेमींना दिसतं कमी, त्यामुळे ते पाणी हात सैल सोडून शिंपडतात. गाडीपाशी आल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, या गाडीत जे जे आहे, वर दिसणारं आणि खाली दडलेलं, ते सगळं पवित्र होवो. तिसऱ्या बाकावरून पोलानं मान वळवली. गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला काही सांगावं लागलं नाही.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर तिनं मला दाराआड गाठलं.

"किती?"

"त्रेसष्ट."

"सगळ्या?"

"खालपर्यंत पाणी पोचलंच असेल असं नाही, पोला."

"आशीर्वाद म्हणजे काय पाऊस आहे, खालच्या कोरड्या राहायला?"

ती सरळ फादरांकडे गेली. मी मागे मागे.

"फादर, पवित्र केलेली वस्तू विकता येते?"

"नाही, मुली. विकणं पाप. शिवाय विकली की आशीर्वादही जातो."

"मग गेल्यावर तर विकता येईल ना?" मी विचारलं.

फादरांनी चष्मा काढला. "सेवेरिन, पापांची कबुली द्यायला तू शेवटचा कधी आला होतास?"

फादर म्हणाले, फुकट वाटा. पटलं. आम्ही झाडाखाली डब्या मांडल्या आणि पहिली डबी एका म्हातारीच्या हातात जाणार, तेवढ्यात पांढरे बूट आमच्यासमोर येऊन थांबले.

"हे काय चाललंय?"

"दान," मी म्हटलं.

"दान म्हणजे वितरण. परवाना?"

पोलानं सगळं खरं सांगून टाकलं. सणाच्या दिवशी ती खोटं बोलत नाही. इतर दिवशी बोलते की नाही ठाऊक नाही, माझ्यासाठी तरी कधी बोललेली नाही.

"जप्त," क्लिमचुक बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर नष्ट करायचं." आणि फाइलमधून त्यांनी कचऱ्याची पिशवी काढली. राखाडी.

पोला पिशवी आणि डब्या यांच्या मध्ये उभी राहिली. "बाई, पवित्र केलेलं कचऱ्यात जात नाही. आमच्याकडे सुकलेली जुडीसुद्धा कुणी फेकत नाही. विजा कडाडायला लागल्या की चुलीत जाळतात, नाहीतर मेलेल्याच्या उशाखाली ठेवतात."

"मग या त्रेसष्ट डब्या कुणाच्या उशाखाली ठेवायच्या?"

पोलानं माझ्याकडे पाहिलं.

फादर मध्ये पडले. "पुरून टाकू."

"नदी दोनशे पावलांवर आहे. चरबी जमिनीत घालता येणार नाही."

"मग जाळू."

"जाळणं चालेल. तशी नोंद करते."

चर्च आणि कचेरी यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

फादरांच्या घरामागे ब्रेड भाजायची जुनी भट्टी आहे. लुत्स्यान खबरदारी म्हणून येऊन उभा राहिला, पूर्ण गणवेशात. भट्टीत एक्कावन्न डब्या मावल्या, बारा बाहेर राहिल्या. पोला म्हणाली, "झाकणं काढ."

मी म्हटलं, "बाईंना मोजायच्या आहेत. उघड्या डब्यांनी नुसता चिकचिकाट होईल."

मी एकतीस वर्षं गिरणीत यंत्रं सांभाळली. बंद भांडं तापलं की काय होतं, हे मी नव्या माणसांना स्वतः शिकवलंय. त्या दिवशी माझं डोकं कुठे होतं, याचा तपास मी अजून करतोय.

पहिलं झाकण उडालं तेव्हा फादर म्हणाले, "कुणीतरी फटाका लावला." मग सगळीच उडाली. भट्टीचं लोखंडी दार निखळून कोबीच्या वाफ्यात पडलं आणि आगीचा एक लोळ बाहेर आला. खाली वाकून डब्या मोजणाऱ्या क्लिमचुक बाईंच्या उजव्या हाताच्या पाठीला त्यानं चाटलं. जाता जाता लुत्स्यानच्या मिशीची डावी बाजू घेऊन गेला. फादर गवतात बसले आणि एक शब्द म्हणाले. तो मी इथे लिहीत नाही, त्यांना अजून नोकरी करायची आहे.

लुत्स्याननं आग विझवली. पोलानं बाईंचा हात धरून त्यांना पंपापाशी नेलं आणि गार पाण्याखाली तो बराच वेळ धरून ठेवला. मग उरलेल्या बारांतली एक डबी उघडली.

"हात द्या."

"हे विनापरवाना..."

"हात द्या म्हणते ना."

बाईंनी दिला. पोलानं एका बोटानं हळूहळू मलम लावलं. "हे लावून उन्हात जायचं नाही, कातडी आणखी लाल होते. आणि उद्या डॉक्टरला दाखवा. मी डॉक्टर नाही."

बाईंनी हात नाकापाशी नेला. मग म्हणाल्या, "वास छान आहे." जाताना तीच डबी फाइलमध्ये घालून घेऊन गेल्या. मी पाहिलं, पण कुणाजवळ बोललो नाही. आता बोलतोय.

दहा दिवसांनी तुमचं पत्र आलं. जप्त त्रेसष्ट, नष्ट एक्कावन्न. उर्वरित बारांपैकी काहींचा वापर मानवी शरीरावर झाल्याचे दिसून येते. सदर वापर औषध म्हणून की सौंदर्यप्रसाधन म्हणून, ते कळवावे. तोपर्यंत परवाना स्थगित. आणि दुर्घटनेचं कारण या रकान्यात एकच शब्द: अर्जदार.

त्यानंतरच्या सोमवारी क्लिमचुक बाईंचा फोन आला. मला नाही, पोलाला. हात बरा आहे, डॉक्टरनंही ठीक म्हटलंय. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, उरलेलं मी गालांना लावलं, कचेरीत सगळ्या विचारतायत, काय केलंस म्हणून. आणखी एक डबी मिळेल का?

पोला म्हणाली, "मिळाली असती. पण विकायची फादरांनी बंदी केलीय आणि वाटायची तुम्ही."

"मग मी येऊन बसते. तुम्हीच लावा."

दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. आलुबुखाराचा केक घेऊन. आमच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून तासभर बसल्या. तुमच्या पत्राखाली सही त्यांचीच आहे. आता मला सांगा, एकच मलम, पोलाच्या एकाच बोटानं, हाताला लागलं आणि गालालाही लागलं. तुमच्या घरच्या माणसाला जे कळलं ते तुमच्या कागदाला का कळत नाही?

काल फुगेवाला येऊन गेला. टेप घेऊन त्यानं लिंडनखालची जागा मोजली, खडूनं रेघा मारल्या. पोलानं चर्चच्या पायरीवरून पाहिलं. घरी आली, डोक्यावरचा रुमालही न काढता बसली आणि जत्रेसाठी विणत आणलेला मोजा उसवायला लागली. मी म्हटलं, "पोला, अगं चांगला झाला होता." ती म्हणाली, "कुठे विकू?" मी सुटलेली लोकर गुंडाळायला बसलो.

म्हणून हे लिहिलं. येत्या रविवारी जत्रा. सकाळी सात वाजता मी टेबल बाहेर काढणार. ते तिच्या आईचं, ओकच्या लाकडाचं, आणि एकट्यानंच उचलायचं असा घरात माझ्यापुरता निकाल लागला आहे. भट्टीचं दार कोबीतून ओढताना माझी कंबर धरलीय, आणि उरलेल्या डब्यांना पोला मला हात लावू देत नाही. म्हणते, पवित्र आहेत, तुझ्यासाठी नाहीत. तेव्हा ते टेबल मी एकदाच उचलू शकेन. कुठे नेऊन ठेवू? झाडाखाली, की तुमच्या दारात? उद्या कचेरी बंद व्हायच्या आत कळवा.