कप शाबूत आहेत, साहेब!

"एक वेळ यांच्यावर चिड, रुसून बस, पण हे पडले की हसू नकोस," लग्नानंतर आठवड्याभरातच सासूबाईंनी तिला बजावलं होतं. "एकदा हसलीस की संपलं." नव्या सुनेला तो नवराबायकोतला जुना रुसवा वाटला. ती "हो आई" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी खो-खो हसली.

सासरे पडायचेच तसे. त्यांच्या तरुणपणी टीव्हीवर दर शनिवारी गाणी, नाच, नकला आणि छोट्या प्रहसनांचा एक कार्यक्रम लागायचा. त्यात ते वेटर व्हायचे. कपांनी भरलेला ट्रे घेऊन यायचं, सपशेल आडवं व्हायचं आणि ट्रे वर धरून म्हणायचं, "कप शाबूत आहेत, साहेब!" कप ट्रेला चिकटवलेले असत, हे गुपित त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही, असं ते प्रत्येकाला सांगत. कार्यक्रम केव्हाच संपला. सासरे उभे राहायला तयार नव्हते.

मग लाडोबा झाला. वर्षाचा होताच त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. वजनकाटा हलेना, तिच्या जिवाला घोर. आंघोळ घालताना ती त्याच्या बरगड्या चाचपायची. एका दुपारी ती चमचा धरून गयावया करत असताना सासरे प्लॅस्टिकचे कप घेऊन आले आणि दारातच कोसळले. लाडोबा हसला. हसायला तोंड उघडावं लागतं. तिने चमचा आत सारला.

तेव्हापासून एका पडण्याला एक घास, असा हिशोब ठरला. सासरे फुलले, तिची मात्र झोप उडाली. तिने घरभर गाद्या अंथरल्या.

"गादीवर पडणं म्हणजे झोपणं, सूनबाई. त्यात विनोद कुठे आला?"

"बाबा, निदान कमरेला उशी तरी बांधू द्या."

"वेटर गरोदर दिसेल."

शेवटी ती त्यांना धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हाडं खडूसारखी झालीत, आता एकदा जरी पडलात तर खुबा गेला म्हणून समजा. पडणं बंद झालं आणि लाडोबाचं तोंडही.

नवऱ्याने एकदा प्रयत्न केला. लाडोबाने त्याच्याकडे थंड नजरेने पाहिलं.

"हा पडला नाही, बसला," सासरे म्हणाले. "सूनबाई, तूच ये. तुझ्यात धसका आहे. पडणाऱ्यात तो लागतो."

मग शिकवणी सुरू झाली. "पडायच्या आधी खाली नाही, वर बघायचं. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही काही आता पडत नाही. मग गुडघा, मग खांदा. चेहरा शेवटपर्यंत साहेबांसमोर असल्यासारखा. आणि ते वाक्य म्हटल्याशिवाय उठायचं नाही. जग बुडालं तरी!"

कॉलेजात पहिला नंबर काढलेली बाई स्वयंपाकघराच्या दारात रोज पडू लागली. लाडोबा खाऊ लागला. सासरे खुर्चीत बसून चुका काढू लागले. सासूबाई विणता विणता म्हणाल्या, "तेव्हा ऐकलं असतंस तर!"

जेवण चालू असलं तरी तिचा एक कान कायम सासऱ्यांच्या खोलीकडे असायचा. हे चोरून सराव करणार, याची तिला खात्री होती. एका दुपारी ती सूपची वाटी आणि कपांचा ट्रे घेऊन निघाली आणि आतून आवाज आला, धप्प! ती थबकली. आता ते वाक्य येईल. आलं नाही.

"बाबा!" ती धावत सुटली. वाटी कलंडली, सूप सांडलं, त्यावरच पाय पडला. तिने वर पाहिलं. मग गुडघा गेला, मग खांदा, आणि घोट्यातून काड्कन आवाज आला.

सासरे धडधाकट पायांनी दारात आले. कपाटावरून त्यांची वेटरच्या कपड्यांची पेटी तेवढी खाली पडली होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वा! सूनबाई, वा! याला म्हणतात पडणं!"

लाडोबा टाळ्या पिटत होता. तोंड वासलेलं.

"बाबा, पाय..."

"पाय तर फारच सुरेख!"

"मोडलाय हो पाय!"

"अगं, पण ओरडायचं नसतं. चेहरा! चेहरा!"

"आई!" तिने टाहो फोडला.

सासूबाई आतूनच म्हणाल्या, "हसू नका रे तिला कुणी. हिलाही सवय लागेल."

आता हे लोक आपल्याला कशाने उचलतील, ते तिला कळलं. तिने दात आवळले, ट्रे वर धरला आणि म्हणाली, "कप शाबूत आहेत, साहेब. पाय नाही."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "हे दुसरं वाक्य आपल्यात नव्हतं," ते हळूच म्हणाले आणि मग डॉक्टरांना फोन लावायला खरोखरच धावले. न पडता.

लाडोबाने त्या दिवशी वाटीभर भात संपवला. भरवला सासूबाईंनी.

प्लॅस्टरमधला पाय उशीवर टाकून तिने हे सगळं लिहून काढलं आहे, ते एका विनंतीसाठी. तुमच्या घरात कुठे धप्प आवाज झाला आणि मागोमाग टाळ्या वाजल्या, तर हातातलं काम ठेवा आणि उठून बघून या. आजोबांना नको, ते ठणठणीत असतात. सुनेला बघा.