रोहिणखेडीं जानरावांनीं तसबीर घरीं आणिली त्याची हकीकत

थोरांनीं कान द्यावा. ज्या मुलखीं तलवार गंजली परंतु हट्ट गंजला नाहीं, त्या रोहिणखेडीं राजश्री जानराव यांची मोहीम कैसी जाहली तें यथामति लिहितों.

जानराव गांवचे मातबर, बागाईत जमिनीचे धनी, परंतु मनीं एक सल, कीं आजोबा पुंजाजी यांची एकही तसबीर घरांत नाहीं. ऐशियांत शाळेच्या शिक्षिका समताबाई यांनीं अमेरिकेच्या नामवंतांच्या जुन्या, दुर्मिळ फोटोंचें प्रदर्शन मांडिलें, आणि फीत कापावयास जानरावांस पाचारण केलें. मग कात्री ठेवून आंत दाखल होतात तों समोर एक फोटो: सांवळा चेहरा, पांढरी आयाळ, पांढरी दाढी, आणि नजर ऐसी कीं पाहणारानेंच खालीं पाहावें. जानरावांचे पाय खिळले आणि हुकूम सुटला, कीं हे तर आमचे आजोबा, तसबीर तात्काळ घरीं रवाना व्हावी.

समताबाईंनीं अर्ज केला, कीं हे अमेरिकेचे फ्रेडरिक डग्लस. जानराव न मानते जाहले. बाजारांत डंका पिटला, हार आणविला, आणि पुंजाजींची लेक, नव्वदी ओलांडलेल्या आत्या सत्यभामाबाई, यांस साक्षीस बोलेरोंत बसवून मोठ्या इतमामानें शाळेंत आणिलें.

आत्याबाईंनीं चष्मा पुसिला, बहुत वेळ पाहिलें, आणि निवाडा दिला. "हा माहा बाप नाही, जाना. बाबाचे कान मोठे होते."

फौजेची दाणादाण उडाली. जानरावांचें तोंड उतरलें, कारण बाजारभर सांगून चुकले होते. परंतु आत्याबाई फोटोपुढून हलेनात. "पन हा हाये कोन? हासून काऊन नाही राह्यला?"

मग समताबाईंनीं निवेदन केलें, कीं हा पुरुष गुलाम जन्मला, वाचावयाची मनाई असतां अक्षरें शिकला, पळून मुक्त जाहला आणि गुलामीविरुद्ध मुलूखभर बोलत फिरला. आणि गुलाम सुखी, हसतमुख दाखवावयाची त्या काळीं चाल, म्हणोन यानें फोटो पुष्कळ काढविले परंतु बहुधा हसला नाहीं.

जानराव ऐकत उभे राहिले. आपल्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राबले त्यांचेही फोटो कोठें नाहींत, ऐसा विचार त्यांस शिवला. असले विचार त्यांस सहसा शिवत नसत. आणि हळू आवाजांत त्यांनीं फोटोची नक्कल मागितली.

तह ठरला. समताबाईंची शर्त, कीं खालीं खरें नांव असावें, आणि जो पुसेल त्यास हकीकत जानरावांनीं स्वमुखें सांगावी. शर्त कबूल जाहली आणि तसबीर वाजतगाजत बैठकींत चढली.

प्रथम व्याही किसनराव आले. हात जोडून पुसते जाहले, "हे आजोबा का तुमचे?"

जानरावांनीं सतरंजीवर जागा केली. "आजोबा नाहीत. बसा, चहा येऊन राह्यला, तवरक सांगतो."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते पावली, एक भिंत काबीज जाहली. हकीकत लांबली, चहा पुन्हा ठेवावा लागला, हेंही नमूद असावें.