चौदा छत्र्या आणि एक शिट्टी

घडीकाकांच्या मुलीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. नातीचा आवाज फोनवर ऐकू यावा म्हणून मुलीने वडिलांना कानामागे लावायचं यंत्र घेऊन दिलं होतं. त्या यंत्रापायी आकाशातून उड्या मारणारी चौदा माणसं एक सबंध रविवार जमिनीवर आडवी झाली.

घडीकाका स्वतः कधी उडी मारत नसत. ते पॅराशूटच्या घड्या घालत. पॅराशूटला तिथे सगळे छत्रीच म्हणत. गावाबाहेरची एक धावपट्टी, एक जुनं विमान आणि एक लांबलचक पत्र्याची शेड, एवढाच तो क्लब. उडी मारणारा माणूस खाली उतरला की छत्रीचा ढीग काकांपुढे टाकी आणि चहा प्यायला जाई. काका दोऱ्या सारख्या करत, कापडाच्या पट्ट्या एकावर एक बसवत आणि मग त्या कापडावर अंग टाकून आतली हवा काढत. हवा निघायला वेळ लागे. कापड हळूहळू सुस्कारे टाकी आणि काका त्यावर गाल टेकून डोळे मिटून पडून राहत. पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा झोपला. झोपलेले नसत. शेवटची हवा निघाली की नाही, हे त्यांना गालाला कळे.

त्या रविवारी अकरा वाजता त्यांनी कानामागे हात नेला, तर तिथे नुसता कान होता.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "माझं यंत्र पाहिलंस का?"

काकू शेडच्या दाराशी उड्यांची वही घेऊन बसत. त्यांनी मान हलवली. मग काकांना नुसती मान पुरणार नाही हे लक्षात येऊन त्यांनी उजव्या कानाशी तोंड नेलं. त्या कानात थोडी धुगधुगी होती. "काल दुपारी फोनवर नातीशी बोललात तेव्हा होतं."

"त्यानंतर मी चौदा छत्र्या घातल्या."

दोघांनी मांडणीकडे पाहिलं. चौदा छत्र्या पाठीवरच्या पिशव्यांत गच्च बसून रांगेत टांगलेल्या होत्या.

"म्हणजे एकीच्या पोटात आहे," काकू म्हणाल्या. "आणि आज चार वाजता तपासनीस बाई यायच्या आहेत."

खरी काळजी तीच होती. सत्तरी ओलांडलेल्या घडीवाल्याचे डोळे, कान आणि हात वर्षातून एकदा तपासायचे, असा नवा नियम आला होता. यंत्र लावून ऐकू आलं तरी चालणार होतं. पण यंत्राशिवाय काका नापास होणार आणि शेडमधलं काम सुटणार हे उघड होतं. काकांना घरी बसवण्याची कल्पना काकूंना काकांपेक्षाही जास्त भयंकर वाटत होती.

सकाळपासून वारा फार होता. उड्या मारणारी मंडळी शेडच्या सावलीत पसरली होती. ह्या लोकांचं असंच असतं, आकाशात मिनिटभर आणि गप्पा दिवसभर. कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या ढगाची, कुणी कुठल्या गोठ्यात उतरलं त्याची गोष्ट चालू होती. बातमी पोचली तेव्हा त्यांच्यातला एक दंतवैद्य उठला. तो काकांचा तीस वर्षांपासूनचा दोस्त. काका त्याला दात्या म्हणत आणि तो काकांना घड्या.

"सोपं आहे," तो म्हणाला. "ह्या यंत्रावर काही दाबलं गेलं की ते शिट्टी वाजवतं. माझ्या आईचं उशीखाली वाजायचं. कान लावा, सापडेल."

मग चौदा माणसं मांडणीवरून आपापली छत्री काढून जमिनीवर आडवी झाली आणि पिशवीला कान लावून ऐकू लागली. विमानाचे कप्तान बाहेर सावलीत तक्क्याला टेकून बसले होते, तेही कौतुकाने पाहत राहिले. पत्र्यावर ऊन तडकत होतं. बाहेर गवतातून वारा जात होता. एवढी शांतता त्या शेडमध्ये कधी झाली नव्हती, आणि ती ज्यांच्यासाठी चालली होती त्या काकांना तिच्यातलं काहीच कळत नव्हतं. ते मध्ये उभे राहून एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"इथे आहे," गणिताच्या बाई कुजबुजल्या. त्या शाळेत गणित शिकवत आणि रविवारी चार हजार मीटरवरून खाली पडत. "बारीक शिट्टी येतेय."

सगळे रांगत तिकडे गेले. शिट्टी येत होती खरी. बाईंची छत्री उघडली, झटकली, पट्टीन् पट्टी चाचपली. काही निघालं नाही आणि शिट्टी चालूच राहिली. ती शेजारी पडल्या पडल्या झोपी गेलेल्या दंतवैद्याच्या नाकातून येत होती.

तेवढ्यात वारा पडला.

महिनाभरात असं आभाळ मिळालं नव्हतं. निळं, स्वच्छ, दोन-चार पांढरे ढग तेही बाजूला सरकून उभे. मंडळींची चुळबुळ सुरू झाली.

"चौदात एक शक्यता," गणिताच्या बाई म्हणाल्या, "आणि माझी तर तपासून झाली. मग उरल्या तेरा. मी जाते बाई."

"तुमची उघडून पडलीय. घडी कोण घालणार?" कुणीतरी विचारलं.

"काका."

काकांना त्यांच्या ओठांवर आपलं नाव तेवढं वाचता आलं. ते मांडणीपुढे जमिनीवर मांडी घालून बसले. "यंत्र हरभऱ्याएवढं असलं तरी त्याला तार आहे," ते म्हणाले. "तार दोरीत अडकली तर छत्री अर्धी उघडेल. सापडेपर्यंत माझ्या हातची एकही वर जाणार नाही. उघडा सगळ्या."

"अहो, चार वाजता बाई येणार," काकू म्हणाल्या. "शेडमध्ये पसारा पाहून काय म्हणतील?"

काकांनी ऐकलं नाही. ह्या वेळी यंत्र असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

दुपारी दोनपर्यंत शेडच्या जमिनीवर निळ्या, पिवळ्या, केशरी कापडाचा तलाव झाला. मंडळी त्यातून गुडघ्यांवर हिंडत चाचपत होती. कापडाखाली हवा शिरली की एखादी छत्री मध्येच फुगे, कुणीतरी त्यावर आडवं होऊन ती दाबे, आणि मग उठायचं विसरून जाई. मऊ, गार कापड, वर तापलेला पत्रा. अडीचच्या सुमाराला अर्धा क्लब कापडात तरंगत होता.

दंतवैद्य काकांच्या उजव्या बाजूला येऊन पडला.

"घड्या, रागावलास का?"

"यंत्रावर रागावून काय करू? दात्या, एक विचारू? वर ऐकू काय येतं?"

दंतवैद्याने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "उडी मारल्यावर नुसता वारा. एवढा की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. मग छत्री उघडते आणि एकदम काहीच नाही. तुझं कापड हळूच फडफडतं, तेवढंच. खाली एखादं कुत्रं भुंकलेलं वरपर्यंत येतं."

"म्हणजे वर सगळे बहिरेच."

"म्हणून तर हातांनी बोलतो आम्ही."

काका छताकडे बघत हसले. "तीस वर्षं तुझी छत्री घालतोय. हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मी चहा प्यायला जायचो."

चार वाजले. चौदा छत्र्या दोनदा तपासून झाल्या, यंत्र नव्हतं. तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: कापडाचा समुद्र, त्यात उठून केस सारखे करणारी माणसं, आणि मधोमध शर्टाला बटणं लावणारे काका.

मंडळींनी घाईघाईने एक बेत केला होता. उडी मारताना जे हातवारे करायचे, तेच बाईंच्या पाठीमागून काकांना करायचे. काकांना ते सगळे पाठ होते. अडचण एवढीच होती की ते हातवारे मोजून आठ-दहा होते, आणि त्यांतला एकही नोकरीच्या चौकशीसाठी केलेला नव्हता.

"किती वर्षं झाली ह्या कामाला?" बाईंनी विचारलं.

दंतवैद्याने मागून दोन्ही पंजे तीनदा उघडमिट केले. आकाशात त्याचा अर्थ "लांब व्हा" असा होतो. काका दोन पावलं मागे सरकले.

"रोज किती छत्र्या घालता?"

गणिताच्या बाईंना आकडा आठवेना. वेळ काढायला त्यांनी मनगटाकडे बोट दाखवलं. "चार वाजून सात मिनिटं," काका नम्रपणे म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं. "हात थरथरतात का?"

कप्तान आतापर्यंत दाराशी आले होते. आपणही काही करावं म्हणून त्यांनी दोन बोटं ताठ केली, म्हणजे पाय सरळ करा. काकांनी टाचा जुळवल्या आणि ते सैनिकासारखे उभे राहिले. काकूंनी वहीने तोंड झाकलं.

काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग ते म्हणाले, "बाई, ही मंडळी माझ्यासाठी जिवाचं रान करताहेत, पण मला काही ऐकू येत नाहीये. कानातलं यंत्र कुठल्यातरी घडीत गेलं. कुणाच्या जिवाला धोका नको म्हणून मी चौदाच्या चौदा उघडायला लावल्या. आज आभाळ चांगलं होतं, ह्यांचा दिवस बुडाला. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

बाईंनी कागद उलटा केला आणि पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलं: पंधरावी होती का?

काकांनी वाचलं. कपाळावर हात मारला. "काल संध्याकाळी कप्तानांची घातली. विमानातली. ती ह्या मांडणीवर नसतेच."

सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिलं. कप्तानांनी आपल्या तक्क्याकडे पाहिलं.

"मला सकाळपासून बारीक शिट्टी ऐकू येतेय," ते सावकाश म्हणाले. "मला वाटलं, इंजिनाने कान गेले. चाळीस वर्षं बसतोय त्याच्या शेजारी."

"काखेत कळसा," काकू म्हणाल्या, "आणि ह्यांनी त्याच्यावर दिवसभर पाठ टेकली."

यंत्र तिसऱ्या पट्टीत निघालं. ते कानामागे बसल्यावर काका चौकशीतल्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देऊन पास झाले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि आपापली छत्री काकांपुढे आणून टाकायला सुरुवात केली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आयत्या उघड्या आहेत तर दुसराही नियम तपासून घेते. आपल्या छत्रीची घडी ज्याची त्याला यायला हवी. घाला."

त्यानंतरचा तास सांगण्यासारखा नाही. गणिताच्या बाईंनी घडी पूर्ण केली, पण हातात एक पट्टा शिल्लक राहिला. दंतवैद्याने उशीत रजई भरावी तशी छत्री पिशवीत कोंबली, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत परत बाहेर आली. कुणी दोरीत पाय अडकवून बसलं. काका मागून मागून फिरत "हवा काढा, हवा" एवढंच म्हणत होते.

बाईंनी चौदाही जणांच्या नावापुढे "नापास" लिहिलं. नापास माणसाने उडी मारावी, पण फक्त घडीकाकांच्या हातच्या छत्रीने. आणि जोवर एकजण जरी नापास आहे, तोवर घडीकाकांना कामावरून काढता येणार नाही, असा शेरा मारून त्या गेल्या.

पुढच्या वर्षी तेराजण पास झाले. दंतवैद्य नापास झाला. त्याच्या पुढच्या वर्षीही तो नापास झाला, आणि त्याच्याही पुढच्या. दरवर्षी तो काहीतरी नवीन चुकवी. बाई त्याच्याकडे चष्म्यावरून बघत आणि शेरा मारत. काका एकदा म्हणाले, "दात्या, तू माणसाच्या दाढेत केसाएवढी सळई घालतोस, आणि ही एक गाठ तुला जमत नाही?"

"वय झालं," दंतवैद्य म्हणाला.

नवव्या वर्षीच्या तपासणीला त्याने घडी अठरा मिनिटांत घातली. दोऱ्या सारख्या केल्या, पट्ट्या बसवल्या, कापडावर गाल टेकून बराच वेळ पडून राहिला, मग उठून पिशवी बंद केली. एकही चूक नव्हती.

"आज कसं जमलं?" बाईंनी विचारलं.

"आता नापास होऊन काय करू?" तो म्हणाला.

घडीकाका त्याच आठवड्यात, मंगळवारी पहाटे सहा वाजता, घरी झोपेत वारले होते.