एंगकोसची नवी पायडलं

"या रविवारी उहुनला माझं मागचं चाक दिसेल, बस्स! तोंड दिसणारच नाही!"

एंगकोसने अंगणात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला बायको इमास होती आणि गोठ्यातली गाय होती. गायीने निदान मान तरी हलवली.

"बरं, आबा," इमास म्हणाली. नातवंडं झाल्यापासून ती नवऱ्याला आबाच म्हणायची, आणि तो तिला अंबू. "दर रविवारी हेच ऐकतेय मी. ऐकायला लागले तेव्हा तुमचे केस काळे होते."

लेम्बांगच्या डोंगरात सायकली हाणण्याचं खूळ आधी शिरलं ते एंगकोस आणि उहुन या दोघा दोस्तांच्या डोक्यात. रविवारी सुकावानाच्या चहामळ्यातून धूळ उडवत खाली यायचं, आणि म्हाताऱ्या मा एनुनच्या टपरीच्या खांबाला जो आधी हात लावेल तो जिंकला. मग गरम बांद्रेकचा आल्याचा घोट, सोबत कोबीची भजी, आणि हरणाऱ्याची यथेच्छ टिंगल. हरणारा कायम एंगकोसच. जन्मात एकदाही तो खांब त्याच्या हाताला आधी लागला नव्हता.

आणि आता हा शेवटचा रविवार होता. उहुनने गायी विकल्या होत्या आणि सोमवारी तो बायकोला घेऊन लेकीकडे मकासारला निघाला होता, समुद्रापलीकडे, कायमचा. त्यानंतरचा रविवार डोळ्यांपुढे आला की एंगकोसचा धार काढता काढता हात थांबायचा. पण हे उहुनला सांगायचं कसं? दोघं भेटले की चाकातल्या हवेविषयी बोलायचे. निदान एकदा हरवून तरी पाठवू, असं त्याने ठरवलं.

त्यासाठीच जकार्ताच्या लेकाने, देदेनने, नवी पायडलं पाठवली होती, सोबत त्यांचेच खास बूट.

"बूट पायडलात खट्कन अडकतो, आबा," देदेन फोनवर म्हणाला. "पाय आणि सायकल एकजीव! जोर दुप्पट!"

"आणि सोडवायचा कसा?"

"टाच बाहेर फिरवायची. होईल सवय."

'होईल सवय' म्हणणारे स्वतः कधी पडत नाहीत!

जुनी पायडलं काढताना उजवं मुकाट्याने निघालं. डावं हलेना. एंगकोसने पाना लावला, पान्यावर इमासचं मुसळ लावलं, मुसळावर स्वतः उभा राहिला. अर्धी सकाळ गेल्यावर त्याला आठवलं, की डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. म्हणजे इतका वेळ तो ते आवळतच होता!

निघालेली दोन्ही पायडलं एकमेकांशी जुळत नव्हती. उजवं मुळात उहुनचं. पहिल्याच वर्षी चहामळ्यात एंगकोसचं पायडल मोडलं, तेव्हा उहुनने स्वतःचं काढून त्याला दिलं आणि स्वतः एका पायाने सायकल मारत खाली आला. तरीही जिंकला, तो भाग वेगळा! ते पायडल परत करायचं राहून गेलं ते गेलंच. भंगारात टाकवेना, म्हणून एंगकोसने दोन्ही फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा फळीवर सरकवला.

दुपारची नमाज झाल्यावर तो गल्लीत चाचणीला निघाला. ओसरीओसरीवर वडीलधारी मंडळी बसलेली. त्यांच्यासमोरून जाताना वेग आवरायचा, कमरेत वाकायचं, उजवा हात खाली पुढे करायचा आणि म्हणायचं, "पुन्तेन." म्हणजे जाऊ का? ते म्हणणार, "मंगा." म्हणजे जा खुशाल. यात कसूर केली तर आईबापांचा उद्धार होतो.

पहिले हाजी ओयो. एंगकोसने वेग आवरला, पाठ वाकवली, हात पुढे केला. फक्त पाय टेकायचा राहिला, कारण पाय सायकलशी एकजीव झाला होता! "पुन्तेन..." म्हणत एंगकोस सायकलीसकट हळूहळू हाजींच्या पायांशी आडवा झाला.

"अरे अरे! इतका मान नको रे बाबा!" हाजी गडबडून उठले. "मंगा, मंगा!"

पुढच्या ओसरीवर गुरुजींच्या वृद्ध आई होत्या. तिथेही लोटांगण! तिसऱ्या ओसरीपुढे मात्र गोठ्याचा चर होता. टाच कशी फिरवायची ते एंगकोसला दर वेळी आठवायचं, पण आडवं झाल्यावर.

शेणाने माखून तो घरी आला. "अंबू, हे थेर बंद! डब्यातली जुनी पायडलं दे."

"कुठल्या डब्यातली?"

"बिस्किटांच्या!"

इमासचा चेहरा उतरला. "अहो, मघाशी उहुनची बायको निरोप घ्यायला आली होती. प्रवासाला म्हणून मी तिला रेंगिनांगचा डबा दिला."

लेम्बांगात बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सापडली असं कुणी ऐकलं नाही. त्यात रेंगिनांगच असतात, भाताच्या तळलेल्या कुरकुरीत चकत्या. मग उघडून कोण बघतंय?

"हाताला जड नाही लागला?"

"लागला! म्हटलं, यंदा भात चांगला उतरलाय!"

फळीवर दुसरा डबा होता. एंगकोसने उघडला. रेंगिनांगने काठोकाठ भरलेला!

दिलेली भेट परत मागणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. पण भेट देणाऱ्यासमोर उघडायची नाही, अशीही रीत आहे. उहुनच्या घरी तो डबा अजून बंदच असेल, गुपचूप बदलू, असा बेत करून एंगकोस खरा डबा काखेत मारून निघाला. या खेपेला पायी!

उहुन ओसरीवर बसला होता. मांडीवर उघडा डबा आणि हातात ते उजवं पायडल.

"कोस," तो म्हणाला. डोळे लाल झाले होते. "मला वाटलं, तू विसरलास."

एंगकोसने काखेतला डबा आणखी मागे दडवला.

"मला हे सुचलंच नसतं रे. मकासारला भिंतीवर टांगतो बघ," उहुनने नाक पुसलं. "काखेत काय आहे?"

"रेंगिनांग."

"आता तुझ्या डब्यावर कोण विश्वास ठेवतो लेका!" उहुन हसत म्हणाला.

खरं सांगायची ती वेळ नव्हती. एंगकोस शेजारी बसला. चाकात हवा किती भरावी यावर दोघं बराच वेळ बोलले.

रविवारी त्यामुळे नवीच पायडलं! आणि देदेनचं खरं होतं हो, जोर दुप्पट! चहाच्या रांगा भराभर मागे पडत होत्या. एंगकोसने वळून पाहिलं. उहुन मागे! आयुष्यात पहिल्यांदा मागे! समोर टपरी आली, खांब आला, हात पुढे केला की झालं!

आणि खांबाला टेकून मा एनुन बसली होती.

जन्माची सवय! वेग आवरला, पाठ वाकली, हात खांबाऐवजी जमिनीकडे गेला. "पुन्तेन, मा..."

आडवा झाला तिथली भज्यांच्या कोबीची सालपटं मऊ होती, एवढंच काय ते.

मागून चाकाचा आवाज आला आणि संथ झाला. उहुनने पडलेल्या दोस्ताशेजारी सायकल हळू केली, कमरेत अदबीने वाकला, उजवा हात खाली केला. त्याचे डोळे हसत होते, आणि नुसते हसत नव्हते.

"पुन्तेन, कोस."

सायकलला अडकलेल्या एंगकोसने आडव्या-आडव्याच खांबाकडे पाहिलं, मग उहुनकडे. पण रीत ती रीत!

"मंगा," तो म्हणाला. "जा, लेका. खुशाल जा."